बोईसरच्या घराची कारभारीण

वडिलांनी बोईसरचं घर एका मासळीवालीच्या ताब्यात दिलं, ही गोष्ट आमच्या नात्यात लग्नाकार्याच्या पंगतीत कित्येक वर्षं चवीने सांगितली जात असे. सांगणाऱ्याला हशा हवा असायचा आणि तो मिळायचाही. आजही कोणी ती काढली आणि मी तिथे असले तर हशा ओसरेपर्यंत थांबते आणि पुढचं मी सांगते. मग सहसा कोणी हसत नाही.

आम्ही मूळचे सोलापूरकडचे, लिंगायत. वडील पोस्टमास्तर होते, लोक त्यांना मास्तरच म्हणत. बोईसरच्या पोस्टात त्यांची बरीच वर्षं गेली आणि तिथे त्यांचा जीव जडला तो समुद्रावर नव्हे, विहिरीवर. आमच्या गावी चैत्र लागला की विहिरीच्या तळाची कपार दिसायची आणि बायका वाटीने पाणी भरायच्या. बोईसरला भर वैशाखात हात लांब केला की पोहरा बुडत असे. वडिलांनी आधी विहीर पाहिली, मग तिच्याभोवतीची जागा घेतली, आणि तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून दोन खोल्यांचं कौलारू घर बांधलं. पुढे ओटा, मागे विहीर. निवृत्त झालो की मरेपर्यंत इथेच राहायचं, असं ते आल्यागेल्याला सांगत. दुसरी कुठली हौस त्या माणसाने केल्याचं मला आठवत नाही.

आणि घराला रंग देऊन होतो न होतो तोच सोलापूरला बदली झाली. तारापूरच्या बाजूला वीज केंद्राचं काम सुरू झालं होतं ते दिवस. कुठून कुठून माणसं येत होती, लोकांनी गोठे सारवून भाड्याने दिले होते. घर रिकामं ठेवावं तर कोणीही कुलूप फोडून शिरेल, आणि भाड्याने द्यावं तर ते सांभाळणार कोण? सोलापूरहून बोईसर म्हणजे त्या काळी दोन गाड्या बदलून जायचं गाव. वडील विश्वासाचा माणूस शोधू लागले. मनोरचे एक निवृत्त फॉरेस्ट गार्ड तयार होते, स्टेशनातले एक बाबू तयार होते. दोघेही भले, दोघांनाही लिहिता-वाचता येत होतं.

तेवढ्यात बाय उभी राहिली. त्या किनाऱ्यावर मोठ्या बाईला बाय म्हणतात, आम्हीही तिला तेवढंच म्हणत असू. बोईसरजवळच्या, समुद्रावरच्या नवापूरची मांगेला कोळीण, काठीसारखी सरळ, गुडघ्यावर चापून नेसलेलं लुगडं, डोक्यावर मासळीची पाटी. ती आमच्या दारावरून रोज बोईसरच्या बाजारात जायची, पण आमच्याकडे तिचा काही धंदा नव्हता. शेजारणीच्या ओट्यावर मासळीचे वाटे लावता लावता तिने वडिलांचं बोलणं ऐकलं आणि तिथूनच म्हणाली, "मी बगते तुमचं घर."

वडिलांना वाटलं, थट्टा करते आहे. मग तिने समजावून सांगितलं. गार्ड मनोरला राहतो, बाबू स्टेशनात बसतो. कौल सरकलं तर त्यांना कोण सांगणार? तिचे पाय रोज या वाटेने जातात, पावसात जातात, सणावारी जातात, तिच्या नजरेतून काही सुटणार नाही. आणि तिच्या अटीही तयार होत्या. भाडेकरू ती निवडणार, मालकाने मध्ये पडायचं नाही. दुसरी किल्ली तिच्या कनवटीला राहील. मालकाचं माणूस न कळवता आलं तर ती दार उघडणार नाही. नोकरी मागायला आलेली बाई अटी घालते हे पाहून आईने कपाळावर हात मारला. वडिलांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी ती वाटेवर दिसली तेव्हा तिला बोलावून किल्ली दिली. आमचे सोलापूरचे काका कोर्टात कारकून होते. ते म्हणाले, कूळ लागलं की घर गेलं, आणि तू तर कूळ लावायला कोळीण नेमलीस. घर गेलंच म्हणून समज.

बायच्या कारभाराची तऱ्हा तिचीच होती. कोणी जागा विचारायला आला की ती त्याला घर दाखवायचीच नाही. तो जिथे उतरला असेल तिथे पाटी घेऊन जायची आणि मासळी घे म्हणायची. जो घासाघीस करील, कल्ला उघडून पाहील, दोन बोंबील जास्त मागून डोकं खाईल, तो माणूस तिला पसंत. जो सांगेल त्या भावाला हो म्हणतो, त्याला पैसे द्यायचेच नसतात, असं तिचं ठाम मत होतं. शाकाहारी माणूस असला तर त्याने नाक दाबलेलं चालत असे, पण हाड् हाड् केलेलं चालत नसे.

या परीक्षेत एकदा तिचा मोठा घोटाळा झाला. केरळकडचा एक ड्राफ्ट्समन गुपचूप सांगेल ते देऊन मासळी घेऊन गेला आणि बायने त्याला लबाड ठरवून जागा नाकारली. पुढे कळलं की तो अगदी सज्जन, त्याला मराठीही येत नव्हतं आणि हिंदीही. घासाघीस करणार तरी कशी? बायने स्वतः हिंडून त्याला कुंभवलीत खोली पाहून दिली आणि त्याच्या वाट्यात कायम एक मासा जास्त टाकू लागली. पण चुकले म्हणाली नाही. त्याला बोलता येत नव्हतं यात माझा काय दोष, असं वर तिचंच म्हणणं.

दुसरी तऱ्हा कराराची. करार ती पुरुषाशी करत नसे. तो बाजूला उभा राहायचा आणि बाय त्याच्या बायकोला विहिरीपाशी नेऊन विचारायची: मास्तर येतील त्या दिवशी उठशील का? बाईने हो म्हटलं की झालं. घर बाई करते, तेव्हा ते सोडायचा शब्दही बाईचाच पाहिजे, हा तिचा कायदा. बायकोला मागे ठेवून एकटा आलेला पुरुष कितीही मोठा साहेब असो, त्याला आमचं घर मिळालं नाही.

घराशी ती बोलत असे. जाता-येता भिंतीवर तळहात मारायची, बैलाच्या पाठीवर मारावा तसा, आणि विचारायची, "काय रं, बरा हायस ना?" रिकामं घर तिला खपत नसे. होडी पाण्याबाहेर राहिली की फळ्या सुकून फटी पडतात, घराचंही तसंच, असं ती म्हणे. एक भाडेकरू जाऊन दुसरा येईपर्यंत ती आपल्या नवऱ्याला तिथे आणून बसवायची. तो बिचारा फार कमी बोलणारा माणूस, दिवसभर आमच्या ओट्यावर जाळी विणत बसे आणि दोन्ही वेळा चूल पेटवी.

अशाच एका वेळी काका मुंबईच्या कामातून वाकडी वाट करून, न कळवता, पाहणी करायला गेले. ओट्यावर जाळी पसरलेली पाहून त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाजारातून बाय आली. तिने त्यांना शहाळं दिलं, पाय धुवायला पाणी दिलं, सोलापूरची सगळी खुशाली विचारली आणि दार काही उघडलं नाही. मास्तरांनी कळवलं नाही, म्हणून नाही. संध्याकाळच्या गाडीने काका परत. सोलापूरला येऊन त्यांनी जो थयथयाट केला तो मी ऐकला आहे. वडील शांतपणे ऐकून म्हणाले, "सख्ख्या भावाला आत घेतलं नाही ना? मग मला चिंता नाही."

भाडं दरमहा मनिऑर्डरीने यायचं, आणि सोबत एक कार्ड. बायला लिहिता येत नव्हतं, ती वाटेत भेटेल त्याला पकडून लिहून घ्यायची. कधी स्टेशनातल्या बाबूचं अक्षर, कधी कंपाउंडरचं. मजकूर एकच: घर ठीक आहे, माणसं ठीक आहेत, विहिरीला पाणी आहे. वडील दिवसभर लोकांचं टपाल हाताळत आणि संध्याकाळी हे कार्ड आईला मोठ्याने वाचून दाखवत. उन्हाळ्यात, सोलापूरला नळ कोरडे असताना, तिसरं वाक्य दोनदा वाचत.

वडील निवृत्त झाले तेव्हा मी कॉलेज संपवून घरी होते. निघायच्या बरेच महिने आधी त्यांनी बायला कळवलं होतं. घरात तेव्हा खानदेशातला एक वेल्डर आणि त्याची बायको राहत होती. उत्तरादाखल कार्ड आलं ते नेहमीचंच. काका स्टेशनवर पोचवायला आले तेव्हा म्हणाले, वकिलाचा पत्ता बरोबर असू दे. सोलापूरची भाड्याची जागा आम्ही सोडून दिली होती, भांडीकुंडी बांधली होती. मागे आता काही उरलं नव्हतं, ते वडिलांच्या चेहऱ्यावर गाडीत सारखं दिसत होतं.

बोईसरला बाय बैलगाडी घेऊन उभी होती. सामान चढलं, गाडी ओळखीच्या रस्त्याला लागली. वडील पुढे वाकून पाहत होते. घर दिसलं, कौलं शाकारलेली, भिंती स्वच्छ. आणि अंगणातल्या दोरीवर दुपटी वाळत घातलेली. गाडी थांबली नाही.

वडील म्हणाले, थांबवा. बाय म्हणाली, "मास्तर, आत बाळंतीण हाय. काल पोरगी झाली तिला. सव्वा महिना झाल्याबिगर मी तिला उठवनार नाय."

"मग आम्ही कुठे जायचं?"

"तुमाला घर देईन बोलले व्हते ना? देते की."

तिने आम्हाला नेलं ते नवापूरला, तिच्या स्वतःच्या घरी. ती आणि तिचा नवरा दिराच्या पडवीत जाऊन राहिले होते. बाळंतपण जवळ आलेलं पाहून आमच्यासाठी तिने आधीच भिंती चुन्याने काढल्या होत्या, जमीन सारवली होती, जुनी चूल मोडून नवी घातली होती. मासळीचं एक भांडं आत ठेवलं नव्हतं. मनोरच्या बाजारातून कोरी मडकी आणली होती, सोलापूरची माणसं म्हणून कुठून तरी ज्वारीही मिळवली होती. अंगणातल्या बोंबील वाळवायच्या काठ्या उपटून पलीकडे नेल्या होत्या, आणि वाऱ्याच्या दिशेला ज्यांची अंगणं होती त्या शेजाऱ्यांनाही न्यायला लावल्या होत्या. ते कुरकुरले असतील, पण त्यांनी नेल्या. एवढं करूनही भिंतींत मुरलेला वास होताच. आईने पहिल्या दिवशी पदर नाकाला लावला आणि बाय येताना दिसली की घाईने काढला.

वडील तिच्याशी बोलेनात. सकाळी डोळे मिटून हातावर लिंग घेऊन पूजेला बसत, तेवढाच वेळ त्यांना शांती असे. बाकी दिवसभर ते समुद्राकडे पाठ करून बसायचे. जो तो येऊन सांगून जायचा की सव्वा महिन्याचं वर्ष व्हायला वेळ लागत नाही, वेल्डरचे सोबती त्याला सांगतात की पावत्या तुझ्या नावाच्या आहेत, हलू नकोस, कायदा तुझ्या बाजूने आहे. काकांचं पत्र आलं: सामान उचल आणि ओट्यावर जाऊन बस, ताबा घे, बाळंतपण त्यांचं त्यांना निस्तरू दे.

एके दिवशी कोणाला न सांगता वडील चालत बोईसरला गेले. परत आले ते खांदे पाडून. वेल्डरने दारातच गाठलं होतं. उद्धट बोलला नाही, पण नजर चुकवून म्हणाला की साहेब, पाहू, दुसरी जागा मिळाली तर पाहू. वडिलांनी उभ्या आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि आता स्वतःच्या दारात उभं राहून स्वतःचं घर मागून आले होते. आईने पाणी दिलं, ते तसंच बाजूला ठेवलं.

बायला बाजारातच कळलं होतं. ती आली, पाटी उतरवली आणि अंगणात उभी राहिली. तिला इतकी रागावलेली मी आधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. "तुमी का गेलात?" ती म्हणाली. "मी असताना तुमी मागायला गेलात?"

तिने कनवटीची किल्ली सोडली आणि त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवली. म्हणाली, "असं असंल तर तुमीच बगा."

मला भीती वाटली की वडील ती उचलतील. काकांचं पत्र तिथेच घडी करून ठेवलेलं होतं, वकील पालघरला होता, आणि मनाचा हिय्या करायला एवढं निमित्त पुरेसं होतं. पण उठली ती आई. भिंतीकडे पाहून बोलणारी, कोणाला उलट शब्द न करणारी माझी आई. तिने किल्ली उचलली, बायच्या जवळ गेली आणि स्वतःच्या हाताने तिच्या कनवटीला खोचून दिली. मग वडिलांकडे वळून म्हणाली, "आजपासून तुम्ही यात पडायचं नाही." आईचा असा आवाज आम्ही घरात कधी ऐकला नव्हता. त्या क्षणी मला तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढा पुढे माझ्या स्वतःच्या कुठल्या गोष्टीचाही वाटला नाही.

त्यानंतर वडील खरोखरच पडले नाहीत. जावयाने धोंड्याला सासरी बसावं तसे बसून राहिले. आईने मात्र एकदा अळिवाचे लाडू केले आणि बायबरोबर बाळंतिणीला देऊन आली. घराचा विषय कोणी काढला नाही, आईने मुलीच्या जावळाचं कौतुक केलं आणि परत आली. बाय तर बाजार आटोपला की रोजच मुलीला न्हाऊ घालायला जात होती. वेल्डर काय म्हणतो, तो जागा शोधतो आहे का, असं मी तिला एकदा विचारलं. तिने माझ्याकडे मी काही तरी भलतंच विचारल्यासारखं पाहिलं. शब्द त्याच्या बायकोने दिला होता, त्याचं मत तिने विचारलंच नव्हतं.

सव्वा महिना संपला त्या सकाळी बाय गाडीवानाला घेऊन आली आणि सामान भरा म्हणाली. वडिलांनी विचारलं, तुम्ही येता ना? तर नाही. पापलेट चांगलं लागलं होतं, ते उन्हाच्या आत बाजारात जायला हवं होतं. "माजं तिकडं काय काम?" म्हणाली, आणि पाटी डोक्यावर घेऊन आमच्या पुढे निघूनही गेली. वडील गाडीत बसले ते फाशी जाणाऱ्या माणसासारखे. वाटेत दोनदा म्हणाले की सामान उतरवायची घाई नको, आधी पाहू.

घरासमोर एक ट्रक उभा होता. वेल्डर त्यावर दोर आवळत होता आणि आमच्याकडे न पाहता आवळत होता. त्याचे दोन सोबती बाजूला तोंड पाडून उभे होते. बायने त्यांच्यासाठी बेटेगावला खोली पाहिली होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. अंगण झाडून सडा घातलेला. वेल्डरची बायको, पोरसवदाच होती, मुलीला पोटाशी धरून दारात उभी होती. कुलूप तिने स्वतः लावलं, आणि किल्ली हातात घेऊन इकडे तिकडे पाहत म्हणाली, बाय कुठे आहेत, किल्ली त्यांना द्यायची आहे.

आई म्हणाली, बाजारात आहे, ह्यांच्याकडे दे. ती जरा घुटमळली, पण तिने दिली. वाकून आईला नमस्कार केला. मग नवऱ्याकडे वळून म्हणाली, चला, आणि ट्रक गेला.

वडील ओट्याच्या पायऱ्या चढले. किल्ली कुलपाशी नेली. मग मागे फिरले, उपरण्याने ओटा झटकला आणि बसले. आम्हालाही म्हणाले, बसा.

आम्ही बसलो. बैल सोडले, ट्रंका अंगणात, ऊन चढत चाललेलं. आईला कळलं असावं, ती पदराने वारा घेत बसली. रस्त्याने जाणारी माणसं थबकून पाहायची. जुन्या ओळखीचे स्टेशनातले बाबू सायकलवरून उतरले आणि हळू आवाजात म्हणाले, काय मास्तर, भाडेकरू नाही ना उठला? मला वाटलंच होतं.

"उठला," वडील म्हणाले. "किल्ली ही माझ्या हातात आहे."

"मग बाहेर का?"

"आमच्या घराच्या कारभारीणबाई बाजाराला गेल्या आहेत. त्या येईपर्यंत आम्ही आत जात नाही."

हे त्यांनी ज्या आवाजात सांगितलं तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पुढे ज्याने ज्याने विचारलं त्याला त्यांनी हेच सांगितलं, आणि दर वेळी थोडं मोठ्याने.

दुपार कलल्यावर बाय आली. रिकामी पाटी काखेत, कपाळ घामाने निथळलेलं. आम्हाला ओट्यावर पाहून तिचा चेहरा एकदम उतरला, तिला वाटलं दार बंद म्हणजे शब्द फसला. मग तिला वडिलांच्या हातातली किल्ली दिसली आणि ती भडकली. किल्ली असून उन्हात बसलात, शहाणी माणसं तुम्ही, घरात गरम हवा कोंडून राहिली असेल, तुमच्या या पोरीला भूक लागली असेल.

वडील उठून उभे राहिले. पोस्टाचा इन्स्पेक्टर आला तरी खुर्ची न सोडणारा माणूस तो. दोन्ही हातांनी किल्ली पुढे करून म्हणाले, "तुम्ही उघडा."

ती वळून विहिरीवर गेली, पोहरा सोडला, हातपाय धुतले, पदराला पुसले, पुन्हा एकदा हात धुतले. मग पायऱ्या चढून तिने कुलूप उघडलं, दाराची दोन्ही फाळकी आत लोटली आणि आम्हाला वाट द्यायला भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"या, मास्तर."

"आधी तुम्ही," वडील म्हणाले.

बायने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली. तेव्हा तिने पदर डोक्यावर घेतला आणि ती आत गेली, आणि तिच्या मागून आम्ही आमच्या घरात गेलो.